छावणीतली शाळा कुणाला जड होते?

ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने राखाइन प्रांतातली रोहिंग्यांची गावे जाळायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत सात लाखांवर माणसे बांगलादेशात आली. कॉक्स बझारच्या छावण्यांत आज दहा लाखांहून अधिक लोक आहेत, त्यांतली निम्म्याहून जास्त मुले. तेव्हा आईच्या कडेवर असलेली पोरे एव्हाना तिसरी-चौथीत असायला हवी होती. पण जून २०२५ मध्ये पैसे आटले, युनिसेफला शिक्षण केंद्रे थांबवावी लागली आणि हजारहून अधिक स्थानिक शिक्षकांचे काम गेले. बांबू-ताडपत्रीच्या त्या खोल्यांत हे बांगलादेशी शिक्षक इंग्रजी शिकवीत आणि रोहिंग्या शिक्षक बर्मी. मदतीला कात्री लागली की पहिला घाव शाळेवर बसतो, आणि तो तिथे बसू नये असे माझे म्हणणे आहे.

आधी पोट, मग पाटी, असे यावर कुणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. २०२३ मध्ये छावण्यांतला शिधा माणशी महिना १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आला होता. त्यात घराचे कसे भागते ते त्या घरालाच ठाऊक. मात्र शिधा पुढच्या वर्षी पुन्हा वाढवता आला. सातव्या वर्षी बुडालेली अक्षरओळख पंधराव्या वर्षी तशी भरून निघत नाही. तोवर मुलीचे लग्न उरकलेले असते, मुलगा मजुरीला किंवा छावणीतल्या सशस्त्र टोळ्यांच्या हाती लागलेला असतो.

दुसरा आक्षेप ढाक्याचा: शाळा दिली की हे लोक इथेच रुजतील. दाटीवाटीच्या, स्वतःच्याच गरिबीशी झगडणाऱ्या देशाने एवढ्यांना आसरा दिला, तेव्हा ही भीती हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणूनच तिथे बांगला अभ्यासक्रमाला बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये रोहिंग्यांनी स्वतः चालवलेल्या शाळाही बंद करण्याचा हुकूम निघाला. पण त्याच सुमारास सुरू झालेला अभ्यासक्रम म्यानमारचा आहे. बर्मी लिहिता-वाचता येणारा मुलगा परत जायला अधिक लायक ठरतो, कमी नव्हे. आपल्याकडचे उदाहरण तिबेटींचे. भारताने १९६१ मध्ये त्यांच्या शाळांसाठी केंद्रीय संस्था उभारली. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही त्यांची वसाहत आहे. त्यांची संख्या रोहिंग्यांच्या मानाने फारच थोडी, हे कबूल. ते तिबेटला परतले नाहीत, हेही खरे. पण त्याचे कारण बीजिंगमध्ये आहे, शाळेत नाही. उलट त्या शाळांतून शिकलेले कितीतरी जण पुढे युरोप-अमेरिकेला गेले.

तेव्हा देणगीदार देशांनी शाळांचा पैसा वर्षावर्षाच्या आवाहनांतून सोडवून निदान पाच वर्षांसाठी बांधून द्यावा, आणि ढाक्याने रोहिंग्यांना त्यांच्या स्वतःच्या शाळा व शिकवण्या उघडपणे चालवू द्याव्यात. यातल्या दुसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.