नकाशावरील ठिपका आणि व्यापाऱ्याचा शब्द

"माल कुठवर आला?" हा आयात-निर्यातीच्या धंद्यातील रोजचा प्रश्न आणि "दोन दिवसांत येतोय, शेठ" हे त्याचे ठरलेले उत्तर. रमजानसाठी मागवलेला खजूर ईदनंतर पोहोचला, तर त्याला भाव कोण देणार? तरीही आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू एजंटच्या फोनवरच विसंबून राहतात. न्हावाशेवाकडे येणारे जहाज आज मोबाईलवरील नकाशात सरकत्या ठिपक्याच्या रूपाने पाहता येते. ही सोय न वापरणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे होय.

यात जादू काही नाही. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या 300 ग्रॉस टनांवरील जहाजांवर एआयएस हे यंत्र 2004 अखेरपासून सक्तीचे आहे. चालते जहाज दर 2 ते 10 सेकंदांनी आपली जागा, वेग व दिशा रेडिओवरून कळवते. किनाऱ्यावरील केंद्रे व उपग्रह हे संदेश टिपतात. नकाशा तोच राहतो, संदेश येईल तसा ठिपका पुढे सरकतो. मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, ते जगाने असेच घरबसल्या पाहिले. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेही नकाशावर दिसत होते.

परंतु ठिपका म्हणजे पक्का दस्तऐवज नव्हे. खोल समुद्रात तो कित्येक तास जुना असू शकतो, म्हणून शेवटचा संदेश कधी आला ती वेळ आधी वाचावी. पुढचे बंदर व पोहोचण्याची तारीख जहाजावरील माणूस हाताने भरतो. यंत्र बंदही करता येते. मुख्य म्हणजे नकाशा जहाज दाखवतो, आपला कंटेनर नव्हे. वाटेत कोलंबो किंवा जेबेल अलीला माल दुसऱ्या जहाजावर चढला, तर आपण भलत्याच ठिपक्याकडे पाहत बसतो.

तेव्हा माल चढताच एजंटकडून जहाजाचे नाव व सात आकडी आयएमओ क्रमांक लेखी घ्यावा. जहाजाचे नाव बदलते, हा क्रमांक बदलत नाही. वाटेत जहाज बदलले, तर नवा क्रमांक मागावा. ठिपका बंदराजवळ दिसला म्हणून लगेच गिऱ्हाईकाला तारीख देऊ नये. जहाज धक्क्याला लागणे, माल उतरणे, कस्टम्स हे सारे अजून बाकी असते. बाजारात पत टिकते ती पाळलेल्या शब्दावर. नकाशा त्यासाठी मदत करील, पण शब्द आपणच तोलून द्यायचा आहे.