प्लास्टिकची पिशवी धुऊन पुन्हा वापरावी का? कायदा काय सांगतो आणि स्वयंपाकघरात काय चालतं

दुधाची पिशवी रिकामी झाली की धुवायची, ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवायची आणि चळतीत ठेवून द्यायची. भंगारवाला आला की ती चळत विकायची. मराठी घरांमध्ये हे काम कोणत्याही कायद्याची वाट न पाहता अनेक वर्षांपासून सुरू आहे. आता त्यात शेंगदाण्यांच्या, डाळींच्या, पापड-कुरडयांच्या आणि झिपच्या पिशव्यांची भर पडली आहे.

पण याचा खरंच उपयोग होतो का? धुतलेल्या पिशवीत अन्न ठेवणं सुरक्षित आहे का? आणि प्लास्टिकबंदी असताना इतक्या पिशव्या घरात येतात तरी कुठून?

थोडक्यात उत्तर असं: पिशव्या धुऊन वापरण्याचा उपयोग होतो, पण सगळ्या पिशव्या धुण्यासारख्या नसतात. आणि कायद्याच्या आकडेवारीत या कामाची नोंद कुठेच होत नाही.

हे समजून घेण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा डोळ्यांसमोर ठेवू. प्लास्टिकवरची बहुतेक चर्चा मुंबई-पुण्याभोवती फिरते. कुरुंद्यासारख्या गावात मात्र किराणा मालाची पिशवी, बियाण्याची पिशवी आणि खताची गोणी एकाच घरात येतात. त्यामुळे पुनर्वापराचा प्रश्न तिथे जास्त गुंतागुंतीचा होतो.

बंदी आहे, तरी पिशव्या घरात कशा?

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. हँडल असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड आणि ३ महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. २३ जून २०१८ पासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली.

मात्र काही गोष्टींना सूट मिळाली. दुधाच्या ५० मायक्रॉनहून जाड पिशव्या आणि कारखान्यातच माल भरून सीलबंद होणारी वेष्टनं बंदीतून वगळली गेली. म्हणजे बंदी प्रामुख्याने दुकानदार माल भरून हातात देतो त्या पिशवीवर आहे. डाळ, मीठ, शेवया ज्या पिशवीत बंद होऊन येतात, ती कायद्याने 'वेष्टन' ठरते. शिवाय बंदी असलेल्या पातळ पिशव्याही बाजारातून पूर्णपणे गेलेल्या नाहीत.

त्यामुळे घरात तीन प्रकारच्या पिशव्या साठतात: कायदेशीर वेष्टनं, बंदी असूनही आलेल्या पातळ पिशव्या आणि मुद्दाम विकत आणलेल्या साठवणीच्या पिशव्या. तिन्ही सारख्या दिसल्या, तरी त्यांचं पुढे काय करायचं याचं उत्तर वेगवेगळं आहे.

मायक्रॉन वाढवल्याने काय साधलं?

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी १९९९ मध्ये २० मायक्रॉन होती. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. यामागचा विचार साधा आहे. जाड पिशवी महाग पडते म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही, घेणारा ती जपून वापरेल आणि फेकली तरी भंगार वेचणाऱ्याला ती उचलणं परवडेल.

आता वजनाचा हिशेब करू. ३० बाय ४० सेंटीमीटरची पॉलिथीनची पिशवी २० मायक्रॉनची असेल, तर तिचं वजन साधारण साडेचार ग्रॅम भरतं. तीच पिशवी १२० मायक्रॉनची केली, तर वजन २६ ग्रॅमच्या पुढे जातं. म्हणजे एका जाड पिशवीत सहा पातळ पिशव्यांइतकं प्लास्टिक असतं.

ही जाड पिशवी एकदाच वापरून फेकली, तर जाडीच्या नियमाने प्लास्टिक कमी न होता वाढतं. सहा वेळा वापरली तर हिशेब बरोबरीत येतो आणि सातव्या वेळेपासून फायदा सुरू होतो. पिशवी घरी पुन्हा वापरली जाईल हे या नियमाने गृहीत धरलं आहे, पण तसं कुठे लिहिलेलं नाही.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत तापमानवाढीवरचा परिणाम बरोबरीत आणायचा, तर जाड पॉलिथीनची पिशवी ४ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात आढळलं. सुती पिशवी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. कोणतीही पिशवी किती वेळा वापरली जाते, यावर तिचा बरेवाईटपणा ठरतो.

गावात पिशवी फेकली तर ती जाते कुठे?

२०१६ पर्यंत प्लास्टिक कचऱ्याचे केंद्रीय नियम शहरांपुरते होते. २०१६ च्या नियमांनी ग्रामपंचायतींवरही ही जबाबदारी टाकली. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याच्या पातळीवर प्लास्टिक कचरा प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूद करण्यात आली. म्हणजे कागदावर साखळी तयार आहे. घरातून ग्रामपंचायत, तिथून तालुक्याचं केंद्र आणि पुढे कारखाना.

ही साखळी जिथे तुटते, तिथे पिशवी उकिरड्यावर जाते, नाल्यात जाते किंवा चुलीत जाते. चूल पेटवायला प्लास्टिकचा तुकडा वापरण्याची सवय ग्रामीण भागात अनेक ठिकाणी आहे. त्याचा धूर सर्वात जास्त चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्याजवळच्या मुलांच्या छातीत जातो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. पण घरातल्या चुलीपर्यंत असा आदेश पोहोचत नाही.

दुसरा धोका पाण्याचा. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीमुळे कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं होतं. तो पूर पावसाने आणला, त्याचं खापर पिशव्यांवर फोडता येणार नाही. पण ज्या गावात पाणी घरात येऊ शकतं, तिथे नाल्या मोकळ्या राहणं ही चैन नसते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर तुंबलेल्या गटारांमधल्या पिशव्यांची चर्चा झाली आणि राज्याने पिशव्यांच्या जाडीचे नियम कडक केले, हा इतिहास आहे.

घरात धुऊन ठेवलेली पिशवी तेवढे दिवस तरी नालीबाहेर आणि चुलीबाहेर राहते. गावाच्या दृष्टीने पुनर्वापराचा हा सर्वात थेट फायदा आहे.

कोणती पिशवी धुवावी, कोणती नाही?

पुन्हा वापरण्यासारख्या पिशव्या:

- डाळ, तांदूळ, रवा, साखर, शेंगदाणे असा कोरडा माल ज्यात आला, त्या जाड आणि पारदर्शक पिशव्या.
- पापड, कुरडया, सांडगे, वाळवलेल्या भाज्या ठेवलेल्या पिशव्या.
- अन्नासाठी म्हणून विकत घेतलेल्या झिपच्या पिशव्या, त्यात कोरडा माल, भाजी किंवा फळं ठेवली असतील तर.

अन्नासाठी पुन्हा वापरू नयेत अशा पिशव्या:

- कच्चं चिकन, मटण, मासे ज्यात आणले त्या. साल्मोनेलासारखे जंतू पिशवीच्या कोपऱ्यांत आणि शिवणीत राहतात. तिथे हात पोहोचत नाही आणि उकळतं पाणी पातळ पिशवीला सोसत नाही.
- काळ्या किंवा गडद रंगाच्या पातळ पिशव्या. त्यांत पुनर्प्रक्रिया केलेलं प्लास्टिक असण्याची शक्यता जास्त असते. असल्या पिशव्या अन्नासाठी वापरायला नियमांनी मनाई आहे.
- चिप्स, बिस्किटं, तेल यांची चकचकीत, अनेक थरांची पाकिटं.
- चिरलेल्या, पांढुरक्या पडलेल्या, चिकट झालेल्या किंवा वास न जाणाऱ्या पिशव्या.

आणि शेतीच्या घरात सर्वात महत्त्वाचं: बियाण्याची, खताची आणि कीटकनाशकाची पिशवी किंवा गोणी धुऊनही अन्नासाठी वापरू नये. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं. हिंगोलीत सोयाबीनचा पेरा मोठा आहे, त्यामुळे अशा रिकाम्या पिशव्या घरोघरी असतात. युरियाची ४५ किलोची गोणी मजबूत असते म्हणून तिच्यात गहू-ज्वारी भरण्याचा मोह होतो. पण विणलेल्या गोणीच्या धाग्यांमध्ये अडकलेलं खत पाण्याने पूर्ण निघत नाही. अशा गोण्या शेणखत भरायला, बांधावर किंवा गोठ्यात वापराव्यात. कीटकनाशकाची पाकिटं आणि बाटल्या तर कशासाठीच पुन्हा वापरू नयेत.

हळदीचा डाग गेला, म्हणजे पिशवी स्वच्छ झाली का?

वसमतची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. त्यामुळे या भागातल्या स्वयंपाकघरात पिवळी पडलेली पिशवी ही रोजची गोष्ट. हळदीतलं रंगद्रव्य, म्हणजे कुर्क्युमिन, पाण्यात फारसं विरघळत नाही, पण तेलात विरघळतं. पॉलिथीनही तेलाला धरून ठेवतं. म्हणून लोणच्याची किंवा मसालेभाताची पिशवी साबणाने घासूनही पिवळी राहते.

ती उन्हात ठेवली की डाग फिका होतो, कारण कुर्क्युमिन प्रकाशाने विघटित होतं. पण रंग जाणं आणि तेल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उरलेलं तेल हवेने खवट होतं आणि पुढच्या पदार्थाला त्याचा वास लागतो. उलट, कोरड्या हळदीने नुसती पिवळी झालेली पिशवी डाग राहिला तरी वापरायला हरकत नाही. म्हणून रंगावर न जाता बोटाने तपासावं. आतून बुळबुळीत लागली तर ती पिशवी अन्नातून बाद करावी.

धुण्याची आणि वाळवण्याची पद्धत

कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण पुरेसा आहे. तारेची घासणी वापरू नये. तिने प्लास्टिकवर ओरखडे पडतात, त्यात मळ आणि जंतू बसतात आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कणही सुटतात. मऊ फडक्याने कोपरे पुसावेत आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्यावं.

वाळवताना पिशवी उघडी राहणं महत्त्वाचं. पालथ्या पेल्यावर किंवा उभ्या कालथ्यावर ती टांगली की आत हवा खेळते. दोरीवर चिमट्याने लावायची तर तोंड खाली ठेवून एकच बाजू चिमट्यात धरावी. जास्त वेळ कडक उन्हात ठेवू नये, अतिनील किरणांनी पॉलिथीन ठिसूळ होतं. थोडा वेळ ऊन आणि मग वाऱ्याची सावली, हे ठीक.

अर्धवट ओल्या पिशवीत शेंगदाणे किंवा मिरची भरली, तर बुरशी धरते. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफलाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकतं आणि ते भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही. पावसाळ्यात पिशवी वाळत नसेल, तर त्या दिवसांत अन्नासाठी डबा वापरणंच शहाणपणाचं.

आणखी दोन सवयी टाळाव्यात. छापील पिशवी उलटी करून वापरू नये, कारण शाईची बाजू अन्नाला लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार छापील बाजू अन्नाला लागू देता येत नाही. दुसरं, जुन्या पिशवीत गरम किंवा तेलकट पदार्थ भरू नये. उष्णता आणि तेल या दोन्हींमुळे प्लास्टिकमधले घटक अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं.

पाणी आणि वेळ कोणाचा जातो?

एका पिशवीला लिटरभर पाणी धरलं आणि आठवड्याला दहा पिशव्या धुतल्या, तर वर्षाला ५०० लिटरच्या वर पाणी लागतं. मराठवाड्यात हा आकडा हसण्यावारी नेता येत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून भांडी धुतल्यावर शेवटच्या खळबळलेल्या पाण्यात पिशव्यांचा पहिला हात करणं आणि उरलेलं पाणी झाडांना देणं चांगलं. उन्हाळ्यात टँकर सुरू असेल, तर तेलकट पिशवी धुण्याचा आग्रह धरू नये.

वेळेचाही हिशेब आहे. हे काम जवळपास प्रत्येक घरात बाईच करते, आणि तिचे कष्ट कोणी मोजत नाही.

मग सरकार आणि कंपन्यांची जबाबदारी काय?

२०१८ च्या बंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची कल्पना होती. जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं होतं, की राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात आणि त्यातून ३१ टन प्लास्टिक कचरा होतो. म्हणजे एक पिशवी सुमारे ३ ग्रॅमची. पण पिशवी दुकानात देऊन पैसे परत घेण्याची ही पद्धत गावोगावी रुजली नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांवर प्लास्टिक गोळा करण्याची जबाबदारी टाकली. त्यात पुनर्वापराची किमान सक्ती मात्र बाटल्या-डब्यांसारख्या कडक वेष्टनांपुरतीच ठेवली आहे. मऊ पिशव्यांसाठी गोळा करणं आणि पुनर्प्रक्रिया करणं अशी बंधनं आहेत, पुनर्वापराची सक्ती नाही. म्हणजे पिशवी पुन्हा वापरण्याचं काम कायद्याने कोणत्याही कंपनीवर टाकलेलं नाही. जे काही होतं, ते घराघरांतल्या ओट्यावर होतं, कोणत्याही मोबदल्याशिवाय.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कोरड्या मालाची जाड पिशवी धुऊन, वाळवून पाच-सात वेळा वापरणं फायद्याचं आहे. पिशवी शेवटी फाटली, तरी स्वच्छ आणि कोरडी असेल तर भंगारात तिला किंमत येते. तेलकट, ओल्या पिशवीला कोणी हात लावत नाही. पण घरातल्या बाईने कितीही पिशव्या धुतल्या, तरी गावात प्लास्टिक वेगळं गोळा होत नसेल आणि ते तालुक्याच्या केंद्रापर्यंत पोहोचत नसेल, तर तिची मेहनत पिशवीचा उकिरडा फक्त काही महिने पुढे ढकलते. कुरुंद्यासारख्या गावांच्या ग्रामसभेत म्हणूनच विचारायला हवं: आमच्या गावातून धुतलेली, वाळलेली पिशवी कोण नेतं, कोणत्या दिवशी नेतं आणि कुठे नेतं?