ल्युबेराँला सायकलवर जा, पण सावकाश जा

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत सायकल चालवणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली आहे. पहाटे दिवे लावून घाट गाठणारे, 200 पासून 600 किलोमीटरपर्यंतच्या बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राईड पुऱ्या करणारे लोक आता पुण्या-नाशकाबाहेर तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस असतं. 1891 साली सुरू झालेली ही राईड आता चार वर्षांनी एकदा होते. 1200 किलोमीटर जास्तीत जास्त 90 तासांत पुरे करायचे असतात, आणि पुढची पाळी 2027 ची आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं. पण त्या राईडमध्ये निम्मी गावं अंधारातून निघून जातात आणि उरलेली घड्याळाकडे बघण्यात. म्हणून माझी विनंती वेगळी आहे, आणि ती आयुष्यात कधी 50 किलोमीटरच्या वर न गेलेल्यांनाही आहे. फ्रान्सला जाल तेव्हा एक आठवडा एकाच दरीत मुक्काम टाका, तिथेच सायकल चालवा आणि गावागावांत थांबा.

कुठली दरी, असं विचाराल तर मी प्रोव्हान्समधल्या ल्युबेराँ डोंगराच्या पायथ्याची सांगेन. पॅरिसहून वेगवान रेल्वेने आव्हिन्यों पावणेतीन तासांच्या आत येतं, तिथून लोकल गाडीने काव्हायों. सायकल भारतातून नेण्याचा खटाटोप करू नका. तिथे भाड्याने चांगल्या सायकली मिळतात. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीवरची सायकल घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. माझ्या मते साठीच्या जोडप्यांनी तर तीच घ्यावी, म्हणजे दोघांना एकत्र चालवता येते.

पहिल्या दिवशी चढाच्या वाटेला जाऊ नका. काव्हायोंजवळून आप्तच्या पुढपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर सायकलची वाट केली आहे. कालाव्हों नदीच्या काठाकाठाने ती सुमारे 40 किलोमीटर जाते. रेल्वेची वाट असल्याने चढ जाणवतो न जाणवतो इतकाच, आणि गाड्यांना तिथे मज्जाव. वाटेत पों ज्युलियाँ लागतो. हा तीन कमानींचा रोमन पूल इसवी सनापूर्वी 3 साली बांधला गेला. 2005 पर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या. मग शेजारी नवा पूल झाला आणि जुना पायी जाणाऱ्यांना नि सायकलींना मिळाला. पुलावरून नुसते निघून जाऊ नका. खाली नदीपात्रात उतरा आणि कमानींमधल्या खांबांकडे बघा. त्यांच्या पोटात दारासारखी आरपार भोकं ठेवली आहेत. एरवी कोरडी वाटणारी ही नदी पावसात एकदम फुगते. तेव्हा पाण्याने खांबाला धडका द्यायच्या ऐवजी त्यातून निघून जावं म्हणून ही सोय. दोन हजार वर्षं पूल उभा का राहिला, ते तिथे समजतं.

दुसऱ्या दिवसापासून वर बघा. गोर्द, रूसियों, बोनिय, मेनेर्ब, लाकोस्त ही सगळी गावं टेकडीच्या माथ्यावर किंवा कड्याच्या अंगावर बसलेली. मध्ययुगात लुटारूंपासून आणि सैन्यापासून बचाव हवा होता म्हणून लोक वर राहिले आणि शेती खाली राहिली. त्यामुळे इथे प्रत्येक गाव म्हणजे शेवटी एक चढ असतो. पसरणी घाट चढलेल्या माणसाला त्यातला एकही जड जाणार नाही. बाकीच्यांनी हलका गिअर लावावा, नाहीतर सरळ उतरून सायकल हातात धरावी. दिवसाला दोन गावं पुरेत. मी तर म्हणेन, एकच गाव नीट बघा.

नीट म्हणजे काय? रूसियोंचं उदाहरण घ्या. गेरूच्या खाणींमुळे भिंती लाल, पिवळ्या, केशरी आहेत, ते फोटोत सगळ्यांनाच दिसतं. पण दुसऱ्या महायुद्धात जर्मन पोलिसांपासून निसटलेला सॅम्युएल बेकेट 1942 नंतर याच गावात लपून राहिला, शेतात राबला, हे माहीत असलं की त्या गल्लीतून माणूस वेगळ्या पायांनी चालतो. डोंगराच्या दक्षिणेला लूरमारँ आहे. तिथल्या दफनभूमीत आल्बेर काम्यूची साधी दगडी कबर आहे. नोबेलच्या पैशातून त्याने 1958 मध्ये या गावात घर घेतलं आणि 1960 च्या जानेवारीत तो मोटार अपघातात गेला. तिथून पश्चिमेला मेरँदोलच्या वर जुन्या गावाचे अवशेष उभे आहेत. 1545 साली वोद्वा या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची तिथे कत्तल झाली आणि आसपासची कितीतरी गावं जाळली गेली. इतक्या सुंदर मुलखात इतकं रक्त सांडलं आहे, हे तिथे उभं राहून समजून घ्यायला हवं.

आणि कुठलंही गाव असो, पहिल्या महायुद्धाचा स्मृतिस्तंभ शोधा आणि त्यावरची नावं वाचा. शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात वीस-पंचवीस नावं, त्यात एकच आडनाव दोनदा-तीनदा. 1914 च्या सप्टेंबरपासून आपले भारतीय सैनिकही याच मुलखाच्या दक्षिणेला, मार्सेय बंदरात उतरून आघाडीवर गेले होते.

आता जिवाच्या गोष्टी. फ्रान्समध्ये वाहनं उजवीकडून चालतात. रहदारीत हे विसरायला होत नाही, कारण समोर गाड्या दिसतात. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर. द्राक्षमळ्याशी फोटोला थांबलात, पाणी प्यायलात, परत बसलात, की हात आपोआप सायकल डावीकडे नेतात आणि पुढच्या वळणावर समोरून मोटार येते. म्हणून दर थांब्यानंतर निघताना मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणा. दोघं असाल तर एकमेकांना सांगा. चौकातल्या गोल वळशात आत असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं असतं. उलट गावातल्या गल्लीत पाटी नसेल तर उजव्या हाताच्या वाटेने येणाऱ्याचा हक्क पहिला, तेव्हा ब्रेकवर बोटं ठेवा. गावाबाहेर ओव्हरटेक करणाऱ्याने सायकलपासून दीड मीटर अंतर सोडावं असा तिथे कायदा आहे आणि बहुतेक चालक तो पाळतात. त्याची परतफेड म्हणून मागे गाडी आली की एकामागे एक व्हा. कानात इअरफोन घालून सायकल चालवली तर दंड होतो.

खाण्यापिण्याचं वेळापत्रक आपल्यापेक्षा कडक आहे. दुपारी बारा ते दोन जेवणाची वेळ. अडीचला पोचलात तर खानावळ तुमच्यासाठी चूल पेटवणार नाही. गावातली बेकरी, म्हणजे बुलांजरी, सकाळी लवकर उघडते, दुपारी बंद होते आणि आठवड्यातून एखादा दिवस उघडतच नाही. म्हणून सकाळीच पाव, फळं, चीज घेऊन पिशवीत टाका. शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय काही घेऊ नका: फुगास नावाच्या पावात कधी ऑलिव्ह असतात, कधी डुकराच्या मांसाचे तुकडे. कट्टर शाकाहारी असाल तर चीज लावायला बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हेही लक्षात ठेवा. गावच्या कारंज्याचं पाणी भरण्याआधी पाटी वाचा. ‘पोताब्ल’च्या आधी ‘नों’ असेल तर पिऊ नका. दुकानात शिरताना आधी ‘बोंज्यूर’ म्हणा, मग काय हवं ते सांगा. तेवढं न म्हणणं तिथे उद्धटपणा समजतात.

पैसे गावातच खर्च करा, ही माझी खास कळकळीची विनंती आहे. फ्रान्समधल्या कितीतरी लहान गावांतली शेवटची बेकरी, शेवटचा कॅफे बंद पडला आहे. सायकलवाला शहरातून बाटल्या आणि बिस्किटं घेऊन येणार, गाव फुकट बघणार आणि निघून जाणार, असं आपल्याकडून होऊ नये.

ल्युबेराँपासून फार लांब नसलेल्या पेर्न-ले-फॉन्तेन गावात 1853 साली पॉल द विवी जन्मला. ‘वेलोसिओ’ या नावाने त्याने आयुष्यभर सायकलच्या प्रवासावर लिहिलं आणि एकाहून जास्त गिअरचा पुरस्कार केला. त्याचे सल्ले आजही खरे आहेत: भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, पहिल्या तासांत जोर लावू नका, भूक आणि झोप उडेल इतकं थकू नका, राईडवर असताना दारू, मांस, तंबाखू टाळा, आणि फुशारकीसाठी पेडल मारू नका. तो स्वतः शाकाहारी होता. थांबे कमी आणि छोटे ठेवा, असंही तो सांगे. तेवढं मात्र ल्युबेराँमध्ये ऐकू नका.

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन कडक असतं, आगीच्या भीतीने जंगलातल्या वाटा बंद होतात आणि गोर्दमध्ये पाय ठेवायला जागा नसते. लॅव्हेंडर बघायचाच असेल तर जूनच्या शेवटी सेनांकच्या मठाकडे सकाळी लवकर जा. एरवी मे किंवा सप्टेंबर उत्तम. वायव्येकडून मिस्त्राल वारा सुटला तर आकाश निळंशार आणि सायकल जागच्या जागी. अशा दिवशी जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकल्यावर परतताना तो पाठीशी राहतो. आणि त्या दिवशी 1909 मीटरच्या मों व्हांतूचा विचारही करू नका. माथ्यावर झाड नाही आणि आडोसाही नाही.

व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेसाठी नोव्हेंबरातच कागद जुळवायला घ्या. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात सायकलवरून पडणं धरलं आहे का, ते पैसे भरण्याआधी वाचून घ्या.