माऊस त्याच्याच हातात राहू द्या



पोस्ट खात्याने नवी संगणक प्रणाली आणली तेव्हा चाचणीचा पहिला मान आपल्या कर्नाटक सर्कलला मिळाला. २०२५ च्या मे-जूनमध्ये बंगळूरपासून बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंतच्या सर्कलमध्ये ती आधी आली आणि ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देशातील सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसे तिच्यावर गेली. ही प्रणाली खात्याच्याच माणसांनी तयार केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. ४ लाख ६० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्याचे खाते सांगते. आधी मास्टर ट्रेनर, त्यांच्याकडून 'यूजर चॅम्पियन' आणि त्यांच्याकडून बाकीचे, अशी उतरंड होती. चॅम्पियन म्हटले की आम्हाला कुस्तीचा फड आठवतो, पण ते असो.

प्रशिक्षण वर्गात होते, काम खिडकीवर होते. समोर वीस माणसांची रांग, त्यात पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी, आणि पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरे. अशा वेळी कर्मचारी मान वळवून शेजारच्या खिडकीकडे पाहतो. तिथे बसलेला जो कोणी आपले काम थांबवून उठतो, तोच खरा प्रशिक्षक. त्याला ना भत्ता, ना ऑर्डर. पोस्टात आणि रेल्वेत असे साथी जागोजागी आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी स्वतः पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या काळातला बुकिंग क्लार्क. २००२ पासून रेल्वेत अनारक्षित तिकिटे संगणकावर येऊ लागली आणि पुढे माझ्या खिडकीतले तिकिटांचे कपाटही हलले. पहिल्याच आठवड्यात अडलो. मदतीला एक हुशार पोरगा आला. त्याने कीबोर्ड माझ्यापुढून ओढला, खटाखट चार बटणे दाबली, "झालं साहेब" म्हणाला आणि गेला. मला काहीच कळले नाही. संध्याकाळी हिशेबात पैसे कमी आले ते खिशातून भरले. दुसऱ्या दिवशी एक जुने सहकारी शेजारी स्टूल घेऊन बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि तोंडाने सांगत राहिले. चुकलो तर म्हणायचे, "आता मागे कसे यायचे ते बघू." त्यांनी शंभर पानी वहीत मराठीत लिहून दिलेला बटणांचा क्रम मी अनेक वर्षे गल्ल्यात ठेवला होता.

तेव्हा मदत करणाऱ्यांनो, माऊस हातातून घेऊ नका. "काय बिघडवलंस?" असे विचारू नका, "शेवटी कोणते बटण दाबले?" असे विचारा. पडद्यावरचा संदेश त्यालाच मोठ्याने वाचायला लावा, निम्म्या वेळा उत्तर त्यातच असते. इंग्रजी अडत असेल तर अर्थ मराठीत सांगा, पण बटणावरचा शब्द पडद्यावर दिसतो तसाच वहीत उतरवून द्या, नाहीतर उद्या तो ते बटण शोधत बसेल. व्यवहार अर्धवट अडकला तर पुन्हा करण्यापूर्वी पहिला नोंदला गेला की नाही हे तपासायला शिकवा. एकाच मनीऑर्डरची दोनदा नोंद झाली की रडायची पाळी येते. आणि पन्नाशीच्या माणसाला रांगेसमोर शिकवू नका. शरमेने तो पुन्हा विचारणार नाही, चुकत राहील.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घाई आहे म्हणून आपल्या आयडीने त्याचे काम करू नका, त्याचा पासवर्डही मागू नका. चौकशीत विचारले जाते ते एकच: आयडी कोणाचा? उपकार करायला गेलेल्या माणसाला चार्जशीट मिळाले की युनियनलाही बचाव करणे अवघड जाते. पडद्याचा फोटो दाखवून सल्ला विचारतानाही खातेदाराचे नाव व नंबर झाकावा.

रेल्वेत हा प्रश्न खिडकीपुरता नाही. २४ ऑगस्ट २०२० पासून पास ऑनलाइन निघू लागले, त्याच वर्षी पीएफ अग्रिमाचा अर्जही त्याच मार्गाने सुरू झाला. ज्या ट्रॅकमनने आयुष्यभर हातोडा आणि पाना धरला, त्याला मुलीच्या लग्नासाठी स्वतःचेच पैसे काढायला ओटीपीची वाट पाहावी लागते. जुना मोबाइल नंबर बंद पडला असेल तर तोही येत नाही. पासवर्ड सांगून सायबर कॅफेतून अर्ज भरून घेणारे बांधव मी पाहिले आहेत. म्हणून त्याचा नंबर आधी बदलून घ्या, मग अर्जाला हात घाला.

संगणक येताना नोकऱ्या जातील या भीतीने आपल्या चळवळीने विरोध केला होता आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. आज लढा वेगळा आहे. साथीला मदत करणे हे आपले काम, पण प्रशासनाने त्यावर विसंबून प्रशिक्षणाचे दिवस कापावेत हे चालणार नाही. शिकणे ड्यूटीच्या वेळेतच झाले पाहिजे. नवी प्रणाली आली की निदान पहिले तीन महिने प्रत्येक मोठ्या ऑफिसात एक माणूस खिडकीच्या कामातून मोकळा ठेवला पाहिजे आणि या काळातल्या प्रामाणिक चुकांची वसुली पगारातून होता कामा नये. या मागण्या शाखांनी लेखी द्याव्यात.

ज्यांच्याकडे अशा वह्या आहेत त्यांनी झेरॉक्स काढून आपल्या शाखेत द्याव्यात. अक्षर वाईट असले तरी चालेल, फक्त वर तारीख घाला, कारण प्रणाली बदलली की पानेही बदलावी लागतात.