गुप्तहेर गुलमंडीवर का राहत नाही?

रहस्यकथा वाचणारा विद्यार्थी मराठी विभागात जरा चोरासारखाच वावरतो. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालावे लागते! आज ते कव्हर काढून बोलतो; सरांनी रागावू नये.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे आमच्या आजोबांनाही पाठ. पण ही सारी मंडळी मुंबईची. पिस्तूल, मोटार, मध्यरात्रीचा पाठलाग! गुलमंडीच्या गर्दीत असा पाठलाग करून दाखवावा. हातगाडी आडवी येईल आणि गुन्हेगार रमतगमत पैठण गेटला पोहोचेल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा खरा, पण शिकायला तोही पुण्यातच.

इंग्रजीत मात्र लहान गावातला घरगुती गुप्तहेर केव्हाच रुजला. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल खेड्यात विणकाम करता करता खुनी शोधते. एलिस पीटर्सचा ब्रदर कॅडफेल तर बाराव्या शतकातल्या मठात वनौषधींची बाग सांभाळतो. १९८० सालच्या ‘मंक्स हूड’मध्ये त्यानेच सांधेदुखीवर केलेले, बचनागाच्या जातीतल्या वनस्पतीचे तेल कुणीतरी जेवणात कालवते. औषध आपण करायचे आणि त्याने माणूस मरायचा! खुनी शोधल्याशिवाय त्याला झोप कशी यावी? ख्रिस्तीबाईंनीही पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात काम केले होते. १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतले विष स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्या कुचल्यातले.

मग आपल्या छत्रपती संभाजीनगरात काय कमी आहे? काष्ठौषधीच्या दुकानात तासभर उभे राहून पाहा. वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा मागितला की घरात तान्हे मूल आहे. डिंक-अळीव नेला की बाळंतीण आलेली. ज्येष्ठमध नेणारे गृहस्थ बहुधा कीर्तनकार, नाहीतर उमेदवार! साऱ्या गल्लीची कुंडली त्या गल्ल्यामागे असते.

पण नुसते कळून गुप्तहेर होत नाही. तेवढे तर आमच्या वाड्यातल्या प्रत्येकाला कळते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगूनही होते. मागच्या वर्षी आईने मला अशोकाची साल आणायला पाठवले, ‘कुणाला बोलू नकोस’ असे बजावून. दुकानातल्या काकूंनी पुडी बांधता बांधता हळूच विचारले, “किती दिवस झाले रे?” मी सांगितले. त्यांनी पुडी परत बरणीत ओतली, पैसे घेतले नाहीत. “आईला म्हणावं, आधी घाटीत दाखव. उद्याच.” आईने दाखवले. ऑपरेशन झाले, आई आता बरी आहे.

त्यानंतर त्याच काकूंच्या दुकानात शेजारच्या मावशी मला विचारत होत्या, “आई दिसली नाही रे बरेच दिवस?” मी गप्प. काकूंनी वर न पाहता तराजूत सुंठ टाकली आणि म्हणाल्या, “माहेरी गेली असेल. तुम्हाला ओवा किती देऊ?”