२३६ रुपयांचा जाब

दोनशे रुपयांचे शुल्क आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून २३६ रुपये होतात. साताऱ्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या, अपशिंगे मिलिटरी गावच्या माजी सैनिकाच्या किंवा जत तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या बचत खात्यातून एवढी रक्कम परस्पर वळती झाली, तर तो काय करतो? बहुधा काहीच करीत नाही. शाखेत गेलाच, तर काउंटरपलीकडून 'सिस्टीमने कापले' एवढे उत्तर मिळते आणि 'जाऊ दे, एवढ्याशा पैशासाठी कोण हेलपाटे घालणार' असे म्हणत तो घरी परततो. खातेदाराने घातलेला हा हिशेब व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. अडचण एवढीच की, खातेदार हाच हिशेब घालणार हे बँकांनाही चांगले ठाऊक असते.

या 'एवढ्याशा पैशा'ची बेरीज किती होते, हे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड, एटीएमच्या जादा व्यवहारांचे शुल्क आणि एसएमएसचे शुल्क या तीन बाबींपोटी सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँका यांनी २०१८ पासून ३५ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा केल्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत स्पष्ट झाले. त्यांपैकी सुमारे २१ हजार कोटी रुपये केवळ किमान शिल्लक नसल्याबद्दलचे होते. किमान शिल्लक कोणाकडे नसते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. ज्याच्या खात्यात लाखाची शिल्लक आहे, त्याला हा दंड कधीच भरावा लागत नाही. माण-खटावातून मुंबईला गेलेल्या हमालाची म्हातारी आई, मुलाने पाठविलेले पैसे महिनाअखेर काढून घेते आणि दंडाला पात्र ठरते. एका बाजूला जनधन योजनेतून २०१४ पासून कोट्यवधी गरिबांना बँकेच्या दारात आणायचे आणि दुसऱ्या बाजूला गरिबीबद्दलच दंड आकारायचा, ही विसंगती आहे. सरकार कोणाचे आहे यावर ती विसंगती ठरत नाही; आपल्या विचारांचे सरकार असतानाही ती बोलून दाखविली पाहिजे.

बोलून दाखविल्याचा उपयोग होतो, हेही अनुभवाला आलेले आहे. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये किमान शिल्लकेचा दंड पुन्हा सुरू केला. त्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत तिने या एका मार्गाने १,७७१ कोटी रुपये मिळविले. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील तिच्या निव्वळ नफ्यापेक्षाही ही रक्कम मोठी होती. देशभर टीका झाली, बँकेने आधी मर्यादा खाली आणली आणि मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरील ही अटच काढून टाकली. २०२५ च्या मध्यास सार्वजनिक क्षेत्रातील आणखी काही बँकांनी तोच मार्ग धरला. परंतु ज्यांच्या खात्यातून नियम डावलून पैसे गेले, त्यांना ते आपोआप परत मिळत नाहीत. ते मागावे लागतात.

मागण्याची परंपरा या मातीला नवीन नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. त्या उठावाच्या परिणामी इंग्रज सरकारला १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. पुणे, सोलापूर, नगर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता. त्या कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला तीन गोष्टी हक्काने मिळाल्या : दिलेल्या पैशाची लेखी पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि मागणी केल्यास वेळोवेळी नोंदी करून दिलेले पासबुक. त्याच कायद्यात लहान रकमांच्या दाव्यांसाठी गावपातळीवरच्या मुन्सफाची तरतूद होती. परकीय राज्यकर्त्यांनाही एवढे कळले होते की, हिशेब ज्याच्या हाती असतो, सत्ताही त्याच्याच हाती असते. पुढे १९४३ नंतर याच परिसरात प्रतिसरकारने इंग्रजांची कोर्टे बाजूला सारून गावोगावी न्यायदान केले, ते वेगळेच पर्व. पण शेतकऱ्याचा तंटा त्याच्या गावात, त्याच्या भाषेत आणि वकिलाच्या फीशिवाय सुटावा, ही भूक त्यातही होतीच.

१८७९ चा तो पासबुकाचा हक्क आज कोठे आहे? पासबुक आहे, पण ते छापून देणारे यंत्र पुष्कळदा बंद असते आणि सुरू असले तर त्यातून इंग्रजी आद्याक्षरांची अशी काही जुळवणी बाहेर पडते की, पदवीधरानेही हात टेकावेत. वास्तविक पाहता रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये बँकांना स्पष्ट आदेश दिला की, शुल्क वळते केल्यास ते कोणत्या प्रकारचे आहे आणि कशासाठी आहे, याची थोडक्यात पण समजेल अशी नोंद पासबुकात करावी. खातेदारांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावे, असाही दंडक आहे. बँकेच्या दारावरील मराठी पाटीसाठी आग्रह धरणाऱ्यांनी हा आग्रह पासबुकाच्या पानापर्यंत न्यावयास हवा. पाटी वाचून कोणाचे पैसे वाचत नाहीत.

सातारा आणि सांगलीच्या मध्यमवर्गाला या प्रश्नाची आणखी एक बोच आहे. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ मध्ये साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली, ती स्वदेशीच्या प्रेरणेने. १९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँकही दक्षिण महाराष्ट्राची आपली बँक होती. पहिली ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि दुसरी एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. त्या बँका निर्दोष होत्या, असे म्हणण्याचे कारण नाही. युनायटेड वेस्टर्नवर विलीनीकरणापूर्वी निर्बंध लादावे लागले होते आणि शेजारची बँक ऑफ कराड तर १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बुडाली. पण त्या काळी व्यवस्थापकाला खातेदाराचे घर ठाऊक असे आणि चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी दुरुस्त होई. आज निर्णय शेकडो मैलांवरच्या संगणकात होतो. ओळखीने होणारे काम संपले, तेव्हा हक्काने होणारे काम शिकणे क्रमप्राप्त आहे.

हक्क नेमका कशाचा, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. येथे उत्साहाच्या भरात घोटाळा होण्याचा संभव आहे. ब्रिटनमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदारांनी लहान दाव्यांच्या न्यायालयांत धाव घेतली आणि जादा उचलीवरील दंड परत मागितला. अनेक बँकांनी सुनावणीपूर्वीच पैसे परत केले. पुढे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल बँकांच्या बाजूने लागला. आपल्याकडेही क्रेडिट कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला. दोन्ही प्रकरणांवरून एक गोष्ट ध्यानी येते. 'शुल्क फार आहे' या तक्रारीला न्यायालयात फारसे बळ नसते. 'शुल्क नियमाविरुद्ध, पूर्वसूचनेशिवाय किंवा माझ्या संमतीशिवाय घेतले' ही तक्रार मात्र भक्कम असते.

नियम कोणते? किमान शिल्लक कमी झाल्यास बँकेने खातेदाराला तसे कळवावे, शिल्लक भरण्यासाठी किमान एक महिन्याची मुदत द्यावी, दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ दंडापायी बचत खाते उणे शिलकीत जाऊ नये, असे बंधन रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने वाणिज्य बँकांवर घातले. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. बंद पडल्यासारख्या खात्यात नंतर कधी पैसे भरले आणि जुन्या दंडापोटी ते गिळंकृत झाले, हा अनुभव ज्यांना आला, त्यांनी हा नियम कात्रण करून ठेवावा. एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात आकारावे, हे २०१३ मध्येच सांगितले गेले. बदलत्या व्याजदराचे घरकर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्या व्यक्तीकडून दंड घेण्यास २०१२ पासून बंदी आहे. थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावून त्यावर पुन्हा व्याज चढविण्याची पद्धत ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने बंद करण्यात आली. एप्रिल २०२४ पासून तो अमलात आला. ज्यांना किमान शिल्लक पेलत नाही, त्यांना शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते मागता येते. राहिला प्रश्न न मागितलेल्या विमा हप्त्याचा. तेथे खातेदाराने एकच वाक्य लिहावे : माझ्या स्वाक्षरीचा संमतिपत्राचा कागद दाखवा.

आता मार्ग. मुंबईच्या लघुवाद न्यायालयासारखी सोय या दोन जिल्ह्यांत नसली, तरी सातारा आणि सांगली येथील जिल्हा ग्राहक आयोग हेच सामान्य माणसाचे लघुवाद न्यायालय आहे. त्याआधी एक स्वस्त पायरी आहे. प्रथम शाखेकडे लेखी अर्ज करावा. त्यात खाते क्रमांक, नोंदीची तारीख, रक्कम आणि मोडलेला नियम लिहावा व दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली, तर नोंदणीकृत टपाल आहेच. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या योजनेबाहेर होत्या. नोव्हेंबर २०२५ पासून त्यांनाही तिच्या कक्षेत आणले गेले. ऊस बिलापासून पीककर्जापर्यंत सारा व्यवहार जिल्हा बँकेतून करणाऱ्या या पट्ट्यात हा बदल लहान नाही.

लोकपालाकडे न्याय न मिळाल्यास जिल्हा आयोगाची पायरी चढावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. बँकेचे मुख्यालय मुंबईत आहे, ही सबब आता चालत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, ती प्रत्यक्षात क्वचितच पूर्ण होते, तारखा पडतात, हे खरे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु शिक्का मारलेली पोच आणि नियमाचा उल्लेख असलेला अर्ज पाहिला की, पुष्कळ प्रकरणे पहिल्याच पायरीवर मिटू शकतात. २३६ रुपयांसाठी आयोगात वकील उभा करणे बँकेलाही परवडत नाही.

पतसंस्थांचे प्रकरण निराळे आहे. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, लोकपाल त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र सहकार कायद्याचे कुंपण दाखवून ग्राहकाला आयोगाबाहेर ठेवता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्येच दिलेला आहे.

कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ ला आला. आज कायदा आहे, आयोग आहे, लोकपाल आहे आणि अर्ज लिहून देणारा माणूस नाही. ग्राहकाचा अधिकृत प्रतिनिधी वकील नसला, तरी तो ग्राहक मंचापुढे बाजू मांडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये मान्य केले आहे. लोकपाल योजनेत तर वकिलाकरवी तक्रार करताच येत नाही. साधा प्रतिनिधी चालतो. बँकेतून निवृत्त झालेले किती तरी स्वयंसेवक साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगलीत, मिरजेत आणि विट्यात आहेत. नोंदींची ती आद्याक्षरे त्यांना एका दृष्टिक्षेपात कळतात. आठवड्यातून एक सायंकाळ, एखाद्या वाचनालयातील एक टेबल आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.

त्या टेबलावर येणाऱ्या पहिल्या पासबुकाबाबत एक खबरदारी घ्यावी लागेल. लोकपालाकडे जाण्यास मुदतीची मर्यादा आहे आणि जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तेव्हा पासबुकाची पाने मागून पुढे चाळावीत आणि ज्या नोंदीला दोन वर्षे होत आली आहेत, तिचा अर्ज आधी लिहावा.