शौचातले रक्त अंगावर काढू नका

महिनाभर दिवसातून सहा-सात वेळा शौचाला जावे लागते, शेंब पडते, रक्त पडते, वजन उतरत चालले आहे आणि लाजेपोटी हे घरात कोणालाच सांगितलेले नाही, असे कोणी हे वाचत असेल, तर हे आवाहन सर्वांत आधी तुमच्यासाठी आहे. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून आणखी एक गोळ्यांची पट्टी नको, ‘आतडी साफ करणारी’ भुकटी नको, कोणी सुचवलेले प्रोबायोटिकही नको. आधी निदान होऊ द्या.

रक्त दिसले की मूळव्याध, शेंब दिसली की आव, हे आपल्याकडे ठरूनच गेले आहे. पुष्कळदा ते खरेही असते. पण अल्सरेटिव्ह कोलायटिसची सुरुवातही नेमकी अशीच होते. त्यात मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात. क्रोन्स हा त्याच कुळातला आजार पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. दोन्ही बहुधा ऐन तरुणपणी गाठतात, म्हणजे ज्या वयात ही तक्रार बोलून दाखवणे सर्वांत अवघड वाटते त्याच वयात. उपचार लांबले की आतडे आकसते, रक्त कमी होते आणि कधी शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरत नाही.

आपल्या देशात यात आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षयरोग दुर्बिणीतून पाहिला तरी क्रोन्ससारखा दिसू शकतो. क्षय असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले, तर क्षय बळावतो. म्हणून डॉक्टर कोलोनोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला सांगतात, तेव्हा तो खर्च वाढवण्याचा डाव समजू नका. ज्यांना कोलायटिस आधीपासून आहे त्यांचे जुलाब अचानक वाढले, तर मूळ आजार उसळला की नवा जंतुसंसर्ग झाला, हे शौच तपासल्याशिवाय सांगता येत नाही. अशा वेळी स्वतःच्या मनाने जुलाब थांबवणारी गोळी घेणे फार धोक्याचे आहे.

संसर्गाला आपण किरकोळ समजतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. अनेकांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू मिळाला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. पिण्याचे पाणी उकळून घ्या. टँकरचे, विहिरीचे पाणी तर उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका.

साध्या जुलाबात खरोखर जीव वाचवणारी पूरके दोनच, आणि दोन्ही स्वस्त. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण नातेवाइकांच्याच हाती दिले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच आजचे ओआरएस. लहान मुलांना त्याच्या जोडीला १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात आणि जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करायच्या असतात. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. गोड पेयाचा खोका ओआरएस म्हणून आणू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का, ते पाहून घ्या. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा ते सुस्त पडले, तर घरी वाट पाहत बसू नका.

कोलायटिस आणि क्रोन्समध्येही पूरकांना जागा आहे, पण ती तपासणीनंतर. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल, तर बी१२ इंजेक्शनने द्यावे लागू शकते. आजार जोरात असताना लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, मग लोह शिरेतून देतात. स्टिरॉइड चालू असेल, तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. क्रोन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रवरूप आहारावर ठेवूनही आजार आटोक्यात आणता येतो, अर्थात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. इसबगोलसारखी निरुपद्रवी वाटणारी गोष्टसुद्धा आतडे आकसलेल्या माणसात अडकून बसू शकते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काढ्यांची आणि भुकट्यांची. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. अशा जाहिरातींवर विसंबून चालू औषधे बंद केली की आजार पुन्हा उसळतो. काही घेत असाल तर डब्यासकट डॉक्टरांना दाखवा, रागावतील म्हणून लपवू नका.

घरातल्या मोठ्यांनो, मुलगा किंवा सून वारंवार शौचाला जात असेल, जेवण टाळत असेल, तर चेष्टा न करता विचारा. ओआरएसची चार पाकिटे आजच घरात आणून ठेवा. आणि शौचात रक्त दिसले, तर संकोच न करता डॉक्टरांना सरळ तसेच सांगा: रक्त पडते, इतक्या दिवसांपासून पडते, तपासणी करा.